आघातशोषक, पिकअप गाडीचे

मोटारवाहनाच्या स्प्रिंगांची आंदोलने अल्पावधीत शमविणारे उपकरण. इंग्रजीत यास शॉक अब्सॉर्बर ही संज्ञा रूढ असून भारतातील गॅरेजांत त्याचा ‘शॉकअप’ असा सुटसुटीत उच्चार झाला आहे. ब्रिटिश अभियंते मात्र ‘डँपर’ म्हणजे अवमंदक हा शब्द अधिक पसंत करतात व तोच शास्त्रीय दृष्ट्या बिनचूक आहे. रस्त्यावरील खड्ड्याचा आघात प्रत्यक्षात प्रथम टायर आणि नंतर स्प्रिंग शोषून घेते. स्प्रिंगेत अशा रीतीने साठलेली ऊर्जा ती पुन्हा परत करते व त्यामुळे गाडी वरखाली डोलत राहते. हे डोलणे थांबविणे, म्हणजेच गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करून ती हवेत सोडून देणे, हे आघातशोषकाचे कार्य होय. गाडीचे वजन तो पेलत नाही. नावामुळे होणारा हा गैरसमज विशेषतः उंची वाढविलेल्या पिकअप गाड्यांच्या बाबतीत महागात पडतो. कारण अशा गाडीसाठी नवा आघातशोषक निवडताना स्प्रिंगेचा विचार न करता केवळ वाढविलेल्या उंचीचा आकडा पाहिला जातो. या उपकरणाचा इतिहास पाहिल्यास असे दिसते की, स्प्रिंग, वेग वा भार यांत जेव्हा जेव्हा बदल झाला, तेव्हा तेव्हा आघातशोषकाची रचनाही नव्याने करावी लागली.

प्रारंभीचा इतिहास : घोडागाड्यांना पोलादी पट्ट्यांच्या कमानी म्हणजे कमानपाटे बसविण्याची पद्धत मोटारगाडीच्या पूर्वीची आहे. लंडन येथील ओबादाया एलियट यांनी १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार कमानपाट्यांचे एकस्व (पेटंट) घेतले. अशा कमानीत एकावर एक रचलेल्या पट्ट्या परस्परांवर घासल्या जातात व या घर्षणामुळे आंदोलने काही अंशी आपोआप शमतात. घोड्याच्या वेगाला एवढे अवमंदन पुरेसे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारगाडी अवतरल्यावर ही स्थिती पालटली. वेग वाढल्यावर चाके रस्ता सोडून उडू लागली व जमिनीशी संपर्क तुटलेल्या चाकास सुकाणू व गतिरोधक या दोहोंचाही उपयोग होईना. म्हणून आघातशोषकाची गरज प्रथम शर्यतीच्या गाड्यांमध्ये जाणवली.

फ्रान्समधील झ्यूल त्र्युफो यांनी तयार केलेल्या घर्षण-अवमंदकात कात्रीसारख्या जोडलेल्या दोन भुजा असून त्यांच्या सांध्यात घर्षण करणाऱ्या चकत्या दाबून बसविलेल्या असत. अमेरिकेतील एडवर्ड हार्टफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे उत्पादन सुरू केले व ते ‘त्र्युफो-हार्टफर्ड’ या नावाने प्रसिद्ध पावले. क्लीव्हलँड येथील क्लॉड फॉस्टर यांच्या ‘गेब्रिएल स्नबर’ या साधनात गुंडाळलेल्या पट्ट्याचा उपयोग केलेला होता. ते फक्त स्प्रिंग उसळून परत येताना रोध करीत असे. घर्षणावर चालणाऱ्या सर्व साधनांत एक मूलभूत दोष होता. घर्षणाचा रोध वेगाबरोबर वाढत नाही. उलट हालचाल सुरू होण्यापूर्वी तो सर्वांत जास्त असतो. परिणामी लहान खड्ड्यांवर स्प्रिंग जखडल्यासारखी होई आणि मोठ्या धक्क्याच्या वेळी रोध अपुरा पडे. गरज नेमकी याच्या उलट होती.

द्रवीय आघातशोषक : लहान छिद्रातून तेल ढकलताना होणारा रोध हा वेगाबरोबर वाढतो. या तत्त्वावर फ्रान्समधील मॉरिस हूदाय यांनी फिरत्या पात्याचा अवमंदक बनविला. त्यात तेलाने भरलेल्या गोल पेटीत एक पाते असून ते आसाशी भुजेने जोडलेले असे. हेन्री फोर्ड यांच्या ‘टी’ नमुन्याच्या गाडीत कारखान्यातून आघातशोषक दिले जात नसत. मात्र १९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘ए’ नमुन्यात हूदाय पद्धतीचे द्रवीय आघातशोषक बसविण्यात आले. त्यामुळे एरवी महागड्या गाड्यांपुरते मर्यादित असलेले हे उपकरण सामान्य ग्राहकाच्या गाडीत आले. भुजेने चालणाऱ्या द्रवीय अवमंदकांचा वापर पुढेही दीर्घकाळ चालू राहिला. ब्रिटनमधील एमजीबी या गाडीत ते १९८० साली तिचे उत्पादन थांबेपर्यंत होते.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा आघातशोषक प्रचारात येऊ लागला. तो आस व सांगाडा यांच्यामध्ये सरळ बसविला जातो. दांड्याच्या टोकाशी असलेला दट्ट्या तेलातून वरखाली सरकतो व त्यातील झडपा दोन्ही दिशांना वेगवेगळा रोध करतात. स्प्रिंग दबताना (संपीडन) रोध कमी व ती उसळून लांबताना (प्रसरण) जास्त ठेवण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. अन्यथा खड्ड्याचा धक्का दांड्यातून थेट सांगाड्यास पोहोचेल. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपमध्ये असे आघातशोषक होते व कच्च्या रस्त्यांवर त्यांची कसोटी लागली.

दुहेरी नळीच्या रचनेत आतील नळीत दट्ट्या व बाहेरील नळीत तेलाचा साठा आणि हवा असते. खडबडीत रस्त्यावर सतत वेगाने हालचाल झाल्यास तेल व हवा मिसळून फेस होतो, तेल तापून पातळ होते आणि रोध घटतो. क्रिस्त्यां बूर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्यांनी यावर एकेरी नळीचा उपाय काढला. त्यात तरत्या दट्ट्याने तेल आणि नायट्रोजन वायू वेगळे ठेवलेले असून वायूचा दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे २० ते २५ पट असतो. या दाबामुळे तेलात बुडबुडे होत नाहीत व नळीची भिंत थेट हवेच्या संपर्कात असल्याने उष्णताही लवकर बाहेर पडते. जर्मनीतील बिलश्टाइन या कंपनीने या रचनेचा परवाना घेतला व १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझ गाड्यांत ती मूळ अंग म्हणून आली. पुढे दुहेरी नळीतही कमी दाबाचा वायू भरण्याची पद्धत सुरू झाली.

पिकअप गाडी व उंचावण्याची प्रथा : फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये ‘टी’ नमुन्यावर कारखान्यातच मालाची पेटी बसवून २८१ डॉलरला विकलेली गाडी हा अमेरिकेतील पिकअप गाड्यांच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. शेतकरी व छोटे व्यापारी हा तिचा ग्राहक होता. चारही चाकांना शक्ती पुरविण्याची सोय प्रारंभी स्वतंत्र कंपन्या करून देत. मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३० नंतरच्या दशकात फोर्ड मालमोटारींचे असे रूपांतर करीत असे, तर मिनीॲपोलिस येथील नॉर्थवेस्टर्न ऑटो पार्ट्स कंपनी (नॅपको) हिने १९५० नंतरच्या दशकात शेव्हरोले, जीएमसी व फोर्ड पिकअपांसाठी हे काम केले. फोर्डने १९५९ मध्ये व शेव्हरोलेने १९६० मध्ये स्वतःच्या रचनेच्या चार-चाकी चालन असलेल्या पिकअप गाड्या बाजारात आणल्या. पुढील आसालाही शक्ती पुरवायची असल्याने या गाड्या साहजिकच उंच असत. पुढे मोठे टायर बसविण्यासाठी मालक आणखी उंची वाढवू लागले. आसावर ठोकळा ठेवणे, अधिक वक्र पाटे बसविणे, पाटे आसाखालून काढून आसावर बसविणे अशा युक्त्या त्यासाठी योजण्यात आल्या.

मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पात १९६७ पासून सुरू झालेल्या वाळवंटी शर्यतीने आघातशोषकाच्या विकासास नवी दिशा दिली. तासन्‌तास चालणाऱ्या अशा धावेत साध्या आघातशोषकातील तेल उकळण्याइतके तापे. त्यामुळे अधिक व्यासाच्या नळ्या, तेल व वायूसाठी बाहेरची वेगळी टाकी, तसेच दट्ट्याच्या स्थानानुसार रोध बदलणाऱ्या बगलवाटा या सुधारणा झाल्या. यथावकाश त्या कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांतही आल्या. फोर्डच्या २०१० सालच्या रॅप्टर नमुन्यात फॉक्स कंपनीचे अंतर्गत बगलवाटांचे आघातशोषक होते. शेव्हरोलेच्या २०१७ सालच्या कोलोराडो झेडआर-२ मध्ये मल्टिमॅटिक कंपनीचे सरकत्या झडपेचे आघातशोषक बसविण्यात आले. शर्यतीसाठी झालेल्या या सुधारणांचे आकर्षण मोठे असले, तरी सुमारे ५० मिमी.ने उंचावलेल्या व रोजच्या वापरातील गाडीची गरज निराळी असते.

उंची व लांबी यांचा हिशेब : अशा गाडीत पहिला प्रश्न रोधाचा नसून लांबीचा असतो. एका मागील आघातशोषकाची पूर्ण दबलेली लांबी ३६० मिमी. व पूर्ण ताणलेली ५८० मिमी., म्हणजे धाव २२० मिमी. आहे असे समजू. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतर ४६० मिमी. असल्यास दबण्यास १०० व लांबण्यास १२० मिमी. वाव उरतो. आस ८० मिमी. वर आल्यावर रबरी रोधकावर टेकतो व त्या वेळी आघातशोषकाची लांबी ३८० मिमी. असते, म्हणजे धातूवर धातू आपटण्यापूर्वी २० मिमी. शिल्लक राहतात. आता आसावर ५० मिमी.चा ठोकळा ठेवला, तर उभ्या गाडीत हे अंतर ५१० मिमी. होते. दबण्याचा वाव वाढतो. पण लांबण्याचा वाव १२० वरून ७० मिमी. वर येतो. चाक खड्ड्यात उतरताना आघातशोषकच ताणाच्या दोरीसारखा आसास अडवतो. हे काम त्याच्यासाठी नाही. त्यामुळे बुश फाटतात, दांड्याचा जोड निखळतो आणि चाक जमीन सोडते.

यावर जास्त लांबीचा आघातशोषक हा उपाय सरळ वाटतो. पण त्यालाही एक मर्यादा आहे. आघातशोषकाची दबलेली लांबी म्हणजे त्याची धाव अधिक डोळे, दट्ट्या व टोपण यांनी व्यापलेली निष्क्रिय लांबी होय. वरील उदाहरणात ही निष्क्रिय लांबी १४० मिमी. आहे. ताणलेली लांबी ५० मिमी.ने वाढवून ६३० मिमी. करायची, तर धाव २४५ व दबलेली लांबी ३८५ मिमी. होते. थोडक्यात, ताणलेली लांबी जितकी वाढवावी, तिच्या निम्म्याने दबलेली लांबीही वाढते. हा नवा आघातशोषक ३८५ मिमी. वर पूर्ण मिटेल, तर आस रबरी रोधकावर टेकेल ३८० मिमी. वर. म्हणजे रोधकाआधीच आघातशोषक आपटेल व फुटेल. म्हणून रबरी रोधक २५ मिमी.ने खाली आणणे आवश्यक ठरते. तसे केल्यावर पूर्वीचा २० मिमी.चा राखीव वाव पुन्हा मिळतो. एकेरी नळीच्या रचनेत वायूच्या कप्प्यामुळे निष्क्रिय लांबी जास्त असते. वायू बाहेरच्या टाकीत नेल्यास ती कमी होते, हा त्या टाकीचा शीतनाइतकाच महत्त्वाचा लाभ आहे. आघातशोषक तिरपा बसविलेला असल्यास चाकाच्या हालचालीपेक्षा त्याची हालचाल कमी असते व रोधाचा परिणाम कोनाच्या कोज्येच्या (कोसाइनच्या) वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३०° कलास तो सुमारे ७५ टक्केच उरतो.

पुढील चाकांचा हिशेब निराळा आहे. टोयोटाच्या १९९५ सालच्या टॅकोमा पिकअपमध्ये पुढे दुहेरी त्रिकोणी भुजा व आघातशोषकाभोवती गुंडाळलेली स्प्रिंग, तर मागे कमानपाटे अशी रचना होती. आजच्या अनेक पिकअपांत ती आढळते. येथे आघातशोषक भुजेवर चाकापासून आत बसविलेला असल्याने त्याची थोडी हालचाल चाकाशी मोठी होते. म्हणून वरच्या टोकाशी २५ मिमी. जाडीची चकती घातल्यास गाडी त्याहून बरीच अधिक उंचावते. तसेच चाकास शक्ती नेणाऱ्या दांड्यांचे सांधे व भुजांचे गोलकसांधे ठराविक कोनापलीकडे वाकू शकत नाहीत. त्यामुळे पुढील आघातशोषक लांब असणे हा गुण नसून दोष ठरू शकतो. सांधे मर्यादेस पोहोचण्यापूर्वी त्याची धाव संपली पाहिजे.

रोधाची निवड : स्प्रिंगेची ताठरता व तिच्यावरील वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुप्पट एवढा अवमंदन गुणांक असल्यास गाडी एकदाही न डोलता मूळ स्थितीत येते; यास क्रांतिक अवमंदन म्हणतात. व्यवहारात याच्या सर्वसाधारणपणे ०·२ ते ०·४ पट अवमंदन ठेवतात. अधिक ठेवल्यास प्रवास कठोर होतो. केवळ ठोकळा वा चकती घालून गाडी उंचावली असेल, तर स्प्रिंगेची ताठरता बदललेली नसते. अशा वेळी अधिक कडक आघातशोषकाची गरज नसते. योग्य लांबीचा व मूळ रोधाचा पुरेसा होतो. नवी स्प्रिंग २० टक्के अधिक ताठर असेल, तर क्रांतिक अवमंदन सुमारे १० टक्के वाढते व तेवढीच वाढ रोधात हवी. म्हणून नवी स्प्रिंग व आघातशोषक ही जोडी एकत्र निवडणे श्रेयस्कर असते.

भाराचा परिणाम याहून मोठा असतो. मागील स्प्रिंगांवर रिकाम्या पिकअपचे ५०० किग्रॅ. व भरलेल्या पिकअपचे १,१०० किग्रॅ. वस्तुमान येत असेल, तर तोच आघातशोषक रिकाम्या गाडीत ०·३० व भरलेल्या गाडीत सुमारे ०·२० अवमंदन गुणोत्तर देतो. यास्तव निवड करताना गाडी बहुतेक वेळ कशी चालते हे प्रथम ठरवावे लागते. नेहमी रिकामी धावणाऱ्या गाडीत जड भारासाठीचा आघातशोषक बसविल्यास मागील बाजू उडते. उलट स्थितीत भरलेली गाडी वळणावर झुलत राहते. भार बदलत असल्यास बाहेरून रोध कमीजास्त करता येणारे प्रकार सोयीचे ठरतात. मोठ्या व जड टायरांमुळे स्प्रिंगेखालील वस्तुमान वाढते. चाकाची स्वतःची आंदोलने सेकंदास सुमारे १० ते १५ असतात व ती रोखण्याचे कामही आघातशोषकावरच असते. त्यामुळे टायर बदलल्यावर जुना आघातशोषक अपुरा पडू शकतो.

अधिक वायुदाबाचा आघातशोषक गाडीला वर उचलतो, अशीही एक समजूत आहे. दांड्याचा व्यास १४ मिमी. असल्यास त्याचे काटछेदी क्षेत्रफळ सुमारे १·५ चौ. सेंमी. असते, वातावरणाच्या २० पट दाबाने त्यावर केवळ सुमारे ३० किग्रॅ. भाराएवढा प्रेरणा-परिणाम होतो. भरलेल्या पिकअपच्या तुलनेत तो नगण्य आहे. खाली बसलेल्या पाट्यांना आघातशोषक हा उपाय नव्हे. प्रकारांपुरते पाहता, डांबरी रस्ता व अधूनमधून कच्ची वाट यांसाठी कमी दाबाच्या वायूचा दुहेरी नळीचा आघातशोषक पुरेसा व स्वस्त असतो. बाहेरील नळीस पोचा आल्यासही तो बहुधा चालू राहतो. लांब खडबडीत प्रवासात एकेरी नळीचा अधिक टिकतो. पण दगड लागून नळीस पोचा आल्यास दट्ट्या अडकतो. बाहेरच्या टाकीचा प्रकार सतत वेगाने खडकाळ वा वाळवंटी भागात जाणाऱ्यांनाच उपयोगी पडतो.

भारतातील स्थिती : गेब्रिएल इंडिया या कंपनीची स्थापना १९६१ मध्ये होऊन तिचा कारखाना मुंबईतील मुलुंड येथे सुरू झाला, पुढे चाकण व नाशिक येथेही तिचे उत्पादन होऊ लागले. क्लीव्हलँडच्या स्नबरचे नाव अशा रीतीने महाराष्ट्रात पोहोचले. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस (२०१६) व टोयोटा हायलक्स (२०२२) या गाड्यांमुळे हौसेने पिकअप उंचावणाऱ्यांचा एक वर्ग येथेही तयार झाला. तथापि भाजीपाला, दूध, बांधकामाचे साहित्य वाहणाऱ्या पिकअपांची उंची बहुधा वेगळ्या कारणाने वाढते. जादा माल पेलावा म्हणून मागे एखादा पाटा चढविला जातो व आघातशोषक जुनाच ठेवला जातो. ताठरता वाढली, भार वाढला, मात्र रोध तोच राहिला, अशी ही स्थिती असते. रिकाम्या परतीच्या प्रवासात ओल्या रस्त्यावर गतिरोधक दाबल्यास उडणाऱ्या मागील चाकांची पकड सुटते. गळणारे तेल, फाटलेले बुश, टायरवर ठरावीक अंतराने पडलेले झिजेचे खळगे ही आघातशोषक निकामी झाल्याची लक्षणे होत. ती दिसल्यास एका आसावरील दोन्ही आघातशोषक एकदम बदलावेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यावर निर्बंध आहेत व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. अमेरिकेतील अनेक राज्यांनी उंचीवर मर्यादा घातल्या आहेत. तेथे २०१२ च्या नमुन्यांपासून हलक्या वाहनांत बंधनकारक असलेली विद्युतीय स्थैर्य नियंत्रण यंत्रणा मूळ उंची व मूळ टायर गृहीत धरून जुळविलेली असते. गाडी उंचावल्याने गुरुत्वमध्य वर जातो व उलटण्याची शक्यता वाढते. ती कोणत्याही आघातशोषकाने नाहीशी होत नाही. योग्य निवडीमुळे चाक जमिनीवर राहते, एवढेच त्याचे कार्य असले, तरी सुकाणू व गतिरोधक यांची परिणामकारकता त्यावरच अवलंबून असते.